कानानं शिकायची परकी भाषा



आज बोलायचं आहे ते कानानं भाषा शिकण्याबद्दल. जर्मन असो, जपानी असो, अरबी असो नाहीतर इंग्रजी असो. मोबाईलवर धडे ऐकून, मास्तरांशिवाय, घरातली कामं करता करता परकी भाषा शिकता येते का? येत असेल तर कुठवर येते, कुठं अडते, किती वेळ लागतो आणि किती पैसा, हे आज नीट उलगडून बघू.

हा विषय आत्ताच का, असं कुणी विचारेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याआधी, जानेवारी २०२१ मध्ये, भारत आणि जपान यांच्यातही असाच करार झाला आणि त्यात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याचं कामही आहे. आपल्या साताऱ्या-सांगलीच्या गावांत नर्सिंग झालेल्या, आयटीआय झालेल्या मुली कमी नाहीत. त्यांच्या आया गटाच्या बैठकीत विचारतात, "पोरीला भाषेचा क्लास लावायचाय, कर्ज मिळेल का?" कर्ज देणारीनं आणि घेणारीनं, दोघींनीही आधी ऐकावं अशी ही माहिती आहे.

कानाची शाळा जुनीच आहे

कानानं शिकणं आपल्याला नवं नाही. जात्यावरच्या ओव्या कुणी वहीत उतरवून पाठ केल्या नव्हत्या. आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेल्या पोरीच्या कानात त्या आपोआप उतरल्या. पाढे आपण तालावर म्हटले, हरिपाठ ऐकून ऐकून तोंडी बसला.

आणि परमुलखाची भाषा? विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातली गलाईवाली कुटुंबं बघा. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी ही माणसं केरळात, तमिळनाडूत, आंध्रात, बंगालात, पार उत्तरेकडं जाऊन राहिली. तिकडं लग्न होऊन गेलेल्या सुनेला मल्याळम कोण शिकवतं? भाजीवाली शिकवते, शेजारीण शिकवते, पोराच्या शाळेतली बाई शिकवते. भाव विचारायचा, पोराचा ताप सांगायचा, घरमालकाला उत्तर द्यायचं; गरज पडते तशी जीभ वळते. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, ही म्हण त्यांच्याइतकी कुणाला कळली असेल?

त्या सुनेच्या भोवती दिवसभर मल्याळम असते. म्हसवडात किंवा जतमध्ये बसलेल्या मुलीभोवती जर्मन नसते. ती उणीव थोडी तरी भरून काढायला ध्वनिधडे असतात.

धडा कसा चालतो

लंडनमध्ये १९०१ साली लिंग्वाफोन नावाची कंपनी निघाली. आवाज साठवणारी यंत्रं तेव्हा नुकती कुठं आली होती. ती वापरून घरबसल्या भाषा शिकवण्याचा धंदा तिनं सुरू केला. बीबीसीनं १९४३ पासून रेडिओवरून इंग्रजी शिकवायला घेतलं. पुढं कॅसेट आली, सीडी आली आणि आता तेच धडे मोबाईलमध्ये मावतात. रेडिओपेक्षा मोबाईलचा एक फायदा मोठा आहे. रेडिओवरचं वाक्य हुकलं तर हुकलं. मोबाईलवरचं वाक्य थांबवता येतं, मागं नेता येतं, दहादा ऐकता येतं.

चांगला ध्वनिधडा नुसता ऐकवत नाही, तो तुम्हाला बोलतं करतो. समजा, नर्सला लागणारं एक जर्मन वाक्य शिकायचं आहे: "वो टूट एस वे?" म्हणजे, कुठं दुखतंय? धड्यातला शिक्षक ते अख्खं वाक्य एकदा म्हणतो. मग शेवटचा तुकडा म्हणायला लावतो, "वे". मग "एस वे". मग "टूट एस वे". मग पूर्ण "वो टूट एस वे?" शेवटाकडून बांधत आल्यामुळं वाक्याचा शेवट जिभेवर पक्का बसतो आणि पूर्ण वाक्य म्हणताना मध्येच धाप लागत नाही.

त्यानंतरची पायरी खरी महत्त्वाची. शिक्षक विचारतो, "कुठं दुखतंय, हे कसं विचाराल?" आणि गप्प बसतो. तो चार-पाच सेकंदांचा गप्पपणा हाच धड्याचा जीव. त्यात तुम्ही डोकं चालवून, आठवून, मोठ्यानं बोलायचं. मग तो बरोबर उत्तर सांगतो आणि तुम्ही आपलं उत्तर ताडून बघायचं. जी बाई त्या सेकंदांत नुसती वाट बघत बसते, तिचा धडा गाण्यासारखा कानावरून जातो. जी तोंड उघडते, तिला भाषा येते.

पाण्याच्या पाळ्या

शिकलेलं विसरतं का, तर विसरतंच. जर्मनीतल्या एबिंगहाउस नावाच्या अभ्यासकानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं आपण सुरुवातीला फार वेगानं विसरतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. पुढं १९६७ मध्ये पॉल पिम्सलर या अमेरिकी भाषातज्ज्ञानं उजळणीचं एक वेळापत्रकच मांडलं. नवा शब्द पहिल्यांदा ५ सेकंदांनी आठवायचा, मग २५ सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासानं, ५ तासांनी, दुसऱ्या दिवशी, ५ दिवसांनी, २५ दिवसांनी, ४ महिन्यांनी आणि शेवटी २ वर्षांनी.

हे आकडे पाठ करायची गरज नाही. डाळिंबाचं रोप लावल्यावर आपण काय करतो? सुरुवातीला जवळजवळ पाणी, मूळ धरलं की पाळी लांबवत न्यायची. एकाच दिवशी टँकर ओतला तर पाणी वाहून जातं आणि रोप पंधरा दिवसांनी वाळतं. भाषेचंही तसंच. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. आणि आजचा धडा सुरू करण्याआधी कालच्यातली पाच वाक्यं आठवून म्हणायची, आठवड्यानं मागच्या आठवड्यातली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी पुढच्या धड्यावर जावं का? दहापैकी आठ उत्तरं जमली तर जावं. दहाच्या दहा येईपर्यंत एकाच धड्यावर अडून बसलं तर कंटाळा येतो आणि सगळंच सुटतं. राहिलेली दोन पुढच्या धड्यांत पुन्हा भेटतात.

मराठीचं भांडवल

"आम्हाला इंग्रजी येत नाही, मग जर्मन काय येणार?" असं बऱ्याच जणी म्हणतात. पण मराठी येते, हे भांडवल लहान नाही.

उच्चार बघा. 'चमचा' आणि 'चाक' यातला च आपण जीभ दातांमागं टेकवून म्हणतो, 'चहा'तल्या च सारखा म्हणत नाही. जर्मन भाषेत हाच 'त्स' सारखा आवाज पावलोपावली येतो. 'त्साइट' म्हणजे वेळ, 'श्मेर्त्सन' म्हणजे दुखणं. जपानीतही तो आहे. आपल्या जिभेला तो आयता आहे. नवा वाटेल असा जर्मन आवाज म्हणजे ओठ 'ऊ'सारखे गोल करून आतून 'ई' म्हणायची, तो. आरशासमोर दोन दिवस करा, जमतो.

लिंगं बघा. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत: डेर, डी, दास. आपल्याकडं तो, ती, ते. इंग्रजी माणसाला हे डोकेदुखीचं वाटतं, आपल्याला त्यात नवल नाही. फक्त वस्तू बदलतात. जर्मनमध्ये सूर्य 'ती' आहे, चंद्र 'तो' आहे आणि मुलगी चक्क 'ते' आहे. आपण 'ते पोर' म्हणतोच की! म्हणून शब्द शिकताना एकटा शिकू नये, पुढं डेर, डी किंवा दास लावूनच तोंडात बसवावा.

मान देणं बघा. जर्मनमध्ये 'डू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे तुम्ही. पेशंटला, साहेबाला, अनोळखी माणसाला 'झी'च म्हणायचं. सासऱ्यांना 'तू' म्हणू नये हे जिला कळतं, तिला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि जपानी? तिच्यात वाक्याची चाल आपल्यासारखीच. 'वाताशी वा मिझु ओ नोमिमास.' वाताशी म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमिमास म्हणजे पिते. मी पाणी पिते. क्रियापद शेवटी. आपण 'टोकियोला' म्हणताना शेवटी 'ला' लावतो तसं ते 'तोक्यो नी' म्हणतात. शिवाय जपानी क्रियापद बाई-पुरुषाप्रमाणं बदलत नाही, तेवढं ओझं कमीच. जपानी अवघड आहे ती लिहिण्या-वाचण्यात, कारण तिच्यात चित्रासारखी हजारो अक्षरं आहेत. कानाला ती फारशी अवघड नाही.

धडे कुठले, खर्च किती

विकतचे धडे आहेत. पिम्सलर यांच्या पद्धतीचे त्यांच्याच नावानं मिळतात, मिशेल थॉमस यांच्या नावाचेही मिळतात. ते इंग्रजीतून शिकवतात, म्हणून बोललेलं इंग्रजी समजत असेल तरच त्यांचा उपयोग.

पण सुरुवात फुकटच्या धड्यांनी करावी. जर्मनीची सरकारी प्रसारण संस्था डॉइचे वेले हिच्या संकेतस्थळावर जर्मन शिकण्याचे धडे विनामूल्य आहेत. ऐकायचे आहेत आणि बघायचेही. जपानची प्रसारण संस्था एनएचके हिचे 'सोपी जपानी' या धर्तीचे ४८ धडे विनामूल्य आहेत आणि ते हिंदीतूनही ऐकता येतात. हिंदी मालिका समजणारी कुठलीही बाई ते ऐकू शकते.

इंग्रजी अडत असेल तर घरच्या घरी मराठी धडा तयार करता येतो. घरात किंवा गटात बारावी झालेली एखादी मुलगी असतेच. तिनं धड्यातली दहा वाक्यं निवडायची. मोबाईलच्या व्हॉइस रेकॉर्डरवर आधी मराठी वाक्य बोलायचं, मग मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं आणि मग मोबाईलजवळ मूळ धड्यातलं परक्या भाषेचं वाक्य वाजवायचं. उच्चार मूळ बोलणाऱ्याचाच हवा, आपला नको. नाहीतर एकीची चूक दहा जणींच्या तोंडी बसते. दहा वाक्यांची अशी फीत दोन-तीन मिनिटांत होते. ती व्हॉट्सॲपवर गटाला पाठवली की झाला आपला मराठी धडा.

रेंजचा प्रश्न असेल तर बाजारच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर आठवड्याचे धडे डाउनलोड करून आणायचे. एकदा उतरवून घेतले की रानात इंटरनेट लागत नाही.

रोजचा अर्धा तास

वेळ कुठून आणायचा? हात कामात आणि डोकं मोकळं, असा वेळ आपल्याकडं बराच असतो. शेंगा फोडताना, ज्वारी निवडताना, धुणं वाळत घालताना, शेळ्यांमागं जाताना. पण जिथं डोकं मोकळं असून चालत नाही तिथं कानात काही घालू नका: कडबाकुट्टीवर, मोटर चालू करताना, रस्त्यानं चालताना, विहिरीच्या काठावर. एकाच कानात ऐकलं तर दुसरा घराकडं राहतो.

नवा धडा मात्र पहिल्यांदा निवांत बसून ऐकावा आणि कामात त्याची उजळणी करावी. आणि मोठ्यानं बोलायला लाजू नये. सासू हसेल, जाऊ हसेल, पोरं नक्कल करतील. करू द्या. चार दिवसांनी ती पोरंच "वो टूट एस वे" म्हणत अंगणात फिरतील आणि तुमची उजळणी फुकटात होईल.

मुलगी शिकत असेल तर आईनं एकच करावं: तो अर्धा तास तिला मिळवून द्यावा. "अभ्यास कुठं करतेस, कानात बोंडं घालून बसलीस" असं म्हणून तिला पाण्याला पिटाळू नये. पोरगा अभ्यासाला बसला की घर दबक्या पावलांनी चालतं ना? तसंच.

कुठं अडतं

आता खरा हिशोब. जर्मन भाषेच्या पायऱ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा आहेत. नर्सला जर्मनीत पूर्ण नर्स म्हणून काम करायला बहुतेक ठिकाणी बी-२ लागते. गोएथे संस्थेच्या अंदाजानं ए-१ ला ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात, बी-१ पर्यंत एकूण ३५० ते ६५० आणि बी-२ पर्यंत ६०० ते ८००.

रोज अर्धा तास धरला तर ए-१ एवढा वेळ भरायला ४ ते १० महिने लागतात आणि बी-२ एवढा भरायला अडीच ते सव्वातीन वर्षं. शिवाय परीक्षा फक्त बोलण्याची नसते. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं, असे चार भाग असतात. ध्वनिधडा ऐकणं आणि बोलणं पक्कं करतो, पण लिहायला शिकवत नाही. तो तुमचं ऐकत नाही, त्यामुळं चूक दाखवत नाही. म्हणजे नोकरीसाठी जाणाऱ्या मुलीला पुढं पुस्तक लागेल, शिक्षक लागेल, रोज तीन-चार तास लागतील. नुसत्या कानावर बी-२ होतं असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

जपानीचीही गंमत आहे. जेएलपीटी या परीक्षेत एन-५ ही खालची पायरी आणि एन-१ वरची. त्यात शब्द, वाचन आणि ऐकणं तपासतात, बोलणं तपासतच नाहीत. म्हणून नुसती परीक्षा पास झालेली मुलगी जपानी आजीसमोर गप्प उभी राहू शकते. तिथं ध्वनिधड्यानं वळलेली जीभच कामाला येते.

मग या सगळ्याचा उपयोग काय? उपयोग हा, की कर्जाआधी परीक्षा होते. क्लासची फी भरण्याआधी, दागिना गहाण टाकण्याआधी मुलीनं तीन महिने फुकटचे धडे रोज अर्धा तास करून बघावेत. तीन महिन्यांत तिला स्वतःची ओळख सांगता आली, भाव विचारता आला, दुखणं विचारता आलं आणि मुख्य म्हणजे तिचा रोजचा नेम टिकला, तर ती क्लासला तयार आहे. पहिल्या पंधरवड्यातच धडे सुटले तर ते पंधरा दिवस गेले, कर्ज डोक्यावर बसलं नाही. आणि तयार मुलगी क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून पुढं असते, त्यामुळं फीचे पैसे वसूल होतात. गोएथे संस्थेची परीक्षा द्यायला त्यांचाच क्लास केला पाहिजे अशी अट नाही. बाहेरून तयारी करूनही देता येते. पुण्यात आणि मुंबईत त्यांची केंद्रं आहेत, मॅक्स म्युलर भवन या नावानं ती ओळखली जातात.

एक सावधगिरी. "भाषा नको, सर्टिफिकेट आम्ही आणून देतो" असं म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. खोटं सर्टिफिकेट व्हिसाच्या वेळी उघडं पडतं, आणि नाही पडलं तर पेशंटसमोर उघडं पडतं. ते तर जास्तच वाईट. औषध किती द्यायचं हे कळलं नाही तर माणसाचा जीव जातो. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारकडं नोंदणी करावी लागते. ती नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. गटानं कर्ज मंजूर करण्याआधी ती तपासलीच पाहिजे.

गटानं काय करावं

पाच-सात मुली किंवा बाया मिळून आठवड्यातून दोनदा जमल्या तरी पुरे. एक मोबाईल, एक छोटा स्पीकर. एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं, मग अदलाबदल. धड्यातला माणूस तुमचं ऐकत नाही, पण मैत्रीण ऐकते. ध्वनिधड्याची ती उणीव गट भरून काढतो. कोण किती दिवस धडा करते हे बचतीच्या वहीसारखं वहीत मांडायचं. बचतीचा हप्ता चुकवायला आपण लाजतो, तसाच धडा चुकवायला लाजायचं. महिन्यातून एकदा ती भाषा येणाऱ्या कुणाशी तरी फोनवर बोलायची व्यवस्था झाली तर उत्तमच. गावातली कुणी आधीच तिकडं गेलेली असेल, तिला अर्धा तास मागायला हरकत नाही.

आणि जी कुठंच जाणार नाही तिनं शिकावं का? जरूर शिकावं. लेक परदेशी गेली, तिकडंच तिला मूल झालं, तर शेजारच्या बाईला नमस्कार-चमत्कार तरी आजीला करता यावा. द्राक्षं बघायला परदेशी पाहुणा बागेत आला तर त्याला "या, बसा, पाणी घ्या" मालकिणीलाही म्हणता यावं. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला बोलण्यापुरती भाषा शिकायला पाटी-पुस्तक लागत नाही. कान लागतो, तोंड लागतं आणि रोजचा नेम लागतो.

येत्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला तर आधी विचारा, "तीन महिने ऐकून झालं का?" नसेल झालं, तर त्याच बैठकीत पहिला धडा लावा. अर्ज तीन महिन्यांनी पुन्हा वाचता येईल.